पाणी चढायच्या आधी

पहाटे साडेपाच

पावसाळ्याचे चार महिने माझा दिवस मोबाईलवरच्या एका आकड्यानं सुरू होतो. जिल्हा नियंत्रण कक्षाचा मेसेज आलेला असतो. आज पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३७ फूट ८ इंच. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. कोल्हापूर शहराला एवढा एक आकडा पुरतो. शिरोळ तालुक्यात आम्हाला कोयनेचा विसर्ग, सांगलीच्या आयर्विन पुलाची पातळी आणि खाली अलमट्टीतून कर्नाटक किती पाणी सोडतंय, हे सगळं बघावं लागतं. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा आधीच तुडुंब असेल तर पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, त्याला फुगवटा येतो आणि ते आमच्या उसात पसरतं. कोल्हापुरात पूर ओसरल्याची बातमी टीव्हीवर लागते, तेव्हा आमच्याकडची गावं अजून पाण्यातच असतात.

गावातली जुनी माणसं आकडा विचारत नाहीत. 'वाडीला दक्षिणद्वार झालं का?' एवढंच विचारतात. म्हणजे दत्ताच्या देवळात शिरलेलं पाणी दक्षिणेच्या दारातून बाहेर पडलं का. भाविकांसाठी ती स्नानाची पर्वणी. आमच्या आरोग्य केंद्रात मात्र ती बातमी आली की कपाटांचे खालचे कप्पे रिकामे करायला घ्यायचे, असं ठरलेलं आहे.

आज पाणी पात्राबाहेर पडलंय, रस्ते अजून चालू आहेत. माझ्या लेखी पुराच्या दिवसांतला सगळ्यात मोलाचा काळ हाच. हाताशी दीड दिवस आहे, फार तर दोन. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये हायवे बंद पडला, तालुका चारी बाजूंनी तुटला. एनडीआरएफची आमच्या जवळची बटालियन पुण्याजवळ सुदुंबऱ्याला असते. ती माणसं जिवावर उदार होऊन येतात, पण येईपर्यंत वेळ जातो. तोवर गावाला जी आरोग्यसेवा मिळते ती गावात आधीपासून असलेल्या माणसांचीच. त्यामुळं त्या माणसांची तयारी हीच माझ्या दृष्टीनं आपत्तीची तयारी.

सकाळी आठ

ओपीडीच्या आधी अर्धा तास यादीचा. सिस्टर, आरोग्य सहायक, औषध निर्माण अधिकारी, गटप्रवर्तक आणि पुलापलीकडच्या तीन गावांच्या आशाताई. भिंतीवर मोठा कागद लावलाय. पाणी आलं की संपर्क तुटणारी गावं डावीकडं, आणि प्रत्येकासमोर माणसांची नावं: महिनाभरात दिवस भरणाऱ्या बायका, डायलिसिसला जाणारे, इन्सुलिनवर असलेले, क्षयरोगाची औषधं चालू असलेले, फिट येणारे, मानसिक आजाराच्या गोळ्या घेणारे, अंथरुणाला खिळलेले.

हे सगळं कॉम्प्युटरवर आहेच की, असं मला एका बैठकीत ऐकवलं गेलं होतं. आहे. पण पोर्टलवर सुनेचं नाव सासरच्या गावात असतं आणि ती सातव्या महिन्यातच माहेरी गेलेली असते. उलट दुसऱ्या तालुक्यात नोंदलेली लेक आमच्या गावात येऊन बसलेली असते. हे आशाताईच्या वहीत असतं, कारण ती रोज त्या दारावरून जाते. आज यादीत एका ताईनं एक नाव वाढवलं. डायलिसिसचा पेशंट, गेल्याच आठवड्यात मुंबईहून भावाकडं राहायला आलेला. आठवड्यातून दोनदा जयसिंगपूरला जातो. रस्ता बंद झाला तर त्याच्या हातात तीन-चार दिवस असतील, जास्त नाहीत. त्याला उद्या सकाळीच पलीकडून हलवायचं ठरलं.

औषधांचं ठरलं: साखर, बीपी, क्षयरोग, फिट यांची महिन्याची औषधं आजच घरपोच. इन्सुलिन असलेल्या घरी आशाताई सांगून येणार की लाईट गेली तर बाटली प्लॅस्टिकमध्ये बांधून पाण्याच्या माठाजवळ गार जागेत ठेवा, आणि सुई टोचायचं घरातल्या आणखी एकाला तरी शिकवून ठेवा.

नऊ ते बारा

ओपीडी. ताप, खोकला, चिखल्या, बाळांचे डोस. पावसानं सगळं गाव अंगदुखी घेऊन आलंय. तापाच्या पेशंटांना एक जादा प्रश्न विचारायचा: पाण्यात उतरला होता का, पायाला जखम आहे का? लेप्टोस्पायरोसिसचं निदान पूर संपल्यावर अचानक सुचत नाही, त्याची सवय आधीपासून लागावी लागते. त्यापासून बचावासाठी डॉक्सीसायक्लिनचा साठा मोजून ठेवलाय. पाण्यात उतरून काम करणाऱ्यांना आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम. गरोदर बायका आणि आठ वर्षांखालची मुलं यांना ते द्यायचं नाही, हे प्रत्येक आशाताईकडून मी दोनदा वदवून घेतलंय. छावणीत रांग लागली की गोळ्या मुठीनं वाटल्या जातात.

केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्याच्या दोन जागा आहेत. एक मी, दुसरी रिकामी. एरवी त्यामुळं रांग लांबते. पुरात त्यामुळं काय होतं, ते पुढं येईल.

सव्वाबारा

आशाताई आणि मी पुलापलीकडं. पुलाच्या खांबावर पाण्याची रेघ कालच्यापेक्षा वर दिसते. यादीतली सहावी गरोदर बाई आधीच्या खेपेला सिझेरियन झालेली, दिवस भरायला पंधरा दिवस. कळा सुरू होऊन वाट बंद झाली तर तिला वाचवणं माझ्या हातात राहणार नाही, म्हणून तिच्याकडं मी स्वतः आलेय.

सोप्यात सासूबाई बसलेल्या. सून आतून चहा घेऊन आली, बोलली काहीच नाही.

"काकू, हिला आज-उद्यात जयसिंगपूरला हलवूया."

"पंधरा दिस हायत की मॅडम अजून. हिनं आत्ताच जायाचं म्हटल्यावर घरातलं कोण बघणार? आणि जित्राबं? मला गुडघ्यानं उठवत न्हाई."

मी सिझेरियनचं, टाक्यांचं, रक्ताचं सगळं सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण जागच्या हलल्या नाहीत. मग आशाताई खाली जमिनीवर, त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली.

"आक्का, त्या साली धाकट्या आळीतल्या सुनेला बोटीतनं नेली, ध्यानात हाय न्हवं? मी होतो बोटीत. तिचा हात धरून बसलो होतो. वरनं पाऊस, खाली पाणी वढतंय, आणि तिला कळा. पोरगी वाचली, बाळ वाचलं. पर ब्रह्मनाळची नाव उलटली ती त्याच आठवड्यात. मी परत कुणाला तसं बोटीत बसवायचा न्हाई."

ब्रह्मनाळचं नाव इकडं कुणी उगाच काढत नाही. ८ ऑगस्ट २०१९ ला माणसं वाचायला म्हणून नावेत बसली होती, आणि त्यातली कितीतरी परत आली नाहीत. सासूबाई बराच वेळ पदराचं टोक पिळत राहिल्या. मग म्हणाल्या, "हिच्या मामाचं घर हाय जयसिंगपुरात. म्हसरं दीराकडं देतो. पर ताई, तू येशील का सोबतीला दवाखान्यात?"

"येतो की," आशाताई म्हणाली.

माझ्या डिग्रीला जे जमलं नाही, ते तिला जमलं, कारण या घरातली आधीची दोन बाळंतपणं तिनं पाहिलीत. असा विश्वास तीन दिवसांच्या प्रशिक्षणातून येत नाही आणि आपत्तीच्या वेळी बाहेरून आणताही येत नाही. आशा योजना सुरू होऊन वीस वर्षं होऊन गेली. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांचा गौरवही केला. तरी आमच्या कागदांवर ती अजून 'स्वयंसेविका'च आहे, तिला पगार नाही, मानधन आहे. बोटीत बसणाऱ्या बाईला महिन्याच्या पैशांचं पक्कं काही सांगता येत नसेल, तर तिच्या धाडसावर आपण किती वर्षं विसंबून राहणार? तीन गावांच्या आशांसाठी लाइफ जॅकेटं मागितली आहेत. त्यांचा पाठपुरावा मी सोडणार नाही.

दुपारी दोन

केंद्राच्या आवारात सराव. गेल्या वर्षीपासून आम्ही पावसाळ्याआधी आणि पाणी चढताना असा एकेकदा सराव घेतो. प्रसंग असा: स्थलांतर करताना ट्रॅक्टरची ट्रॉली रस्त्याकडेच्या चरीत उलटली. गावातली कॉलेजची पोरं जखमी झालीत, प्रत्येकाच्या गळ्यात कागद अडकवलाय: श्वास किती, शुद्ध आहे की नाही, जखम कुठं.

यात फक्त डॉक्टर-नर्स नाहीत. रुग्णवाहिकेचा चालक, परिचर, स्त्री परिचर मावशी, केस पेपर लिहिणारा मुलगा, आशाताई, आपदा मित्रचं प्रशिक्षण घेतलेली दोन पोरं, सगळे आहेत. हे मी मुद्दाम करते. प्रशिक्षणं बहुतेक जिल्ह्याच्या हॉलमध्ये होतात, पडद्यावर स्लाइडा दाखवतात, वैद्यकीय अधिकारी प्रमाणपत्र घेऊन परत येतात. चालकाला कुणी बोलावत नाही. आणि अपघाताच्या जागी सगळ्यात आधी पोचतो तो चालक.

शिट्टी वाजली. नवीन आलेली समुदाय आरोग्य अधिकारी पोरगी धावत गेली ती सगळ्यात जोरात ओरडणाऱ्याकडं. पाय धरून तो बोंब मारत होता. त्याच्या पलीकडं एक मुलगा पालथा, गप्प पडलेला.

मी थांबवलं. "जो ओरडतोय त्याचा श्वास चालू आहे. आधी गप्प पडलेल्याकडं."

पुन्हा सुरुवात. आधी मोठ्यानं हाक: ज्यांना चालता येतं त्यांनी त्या वडाखाली जा. अर्धे लोक उठून गेले. त्यांना हिरवी पट्टी, त्यांच्याकडं नंतर. उरलेल्यांतल्या प्रत्येकापाशी अर्धा-एक मिनिट, त्याहून जास्त नाही. श्वास मिनिटाला तीसच्या वर असेल तर लाल. नख दाबून सोडल्यावर रंग परत यायला दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर लाल. 'माझा हात दाबा' म्हटल्यावर हात दाबता आला नाही तरी लाल. हे सगळं ठीक असेल पण चालता येत नसेल, तर पिवळी. पालथ्या मुलाला वळवलं, हनुवटी वर करून श्वासाची वाट मोकळी केली. त्याच्या कागदावर लिहिलं होतं: तरीही श्वास नाही. म्हणजे काळी पट्टी.

आरोग्य सेविकेनं पट्टी हातात धरली आणि बांधेना. "मॅडम, छातीवर दाब देऊन बघू या की."

वॉर्डात एकच पेशंट असेल तर मीही तेच करेन, आणि तिनं तेच करावं असं मला वाटतं. पण इथं दोन लाल पट्टीवाले रक्त वाहत पडलेत आणि आपण हाताच्या बोटांवर मोजता येण्याएवढेच. हा निर्णय पहिल्यांदा खऱ्या माणसाच्या छातीशी बसून घ्यायची वेळ कुणावर येऊ नये, म्हणून तो आज कागद अडकवलेल्या, हसू दाबणाऱ्या पोराशेजारी बसून घ्यायचा. तिनं पट्टी बांधली. नंतर पाचएक मिनिटं ती कुणाशी बोलली नाही. मी तिला बोलायला लावलं नाही.

मावशींनी मात्र कमाल केली. बघ्यांना त्यांनी असं काही मागं सारलं की वडापासून गेटपर्यंत रस्ता आपोआप मोकळा झाला. पुढच्या वेळी गर्दी आणि रस्ता त्यांच्याकडेच.

शेवटी सगळे गोल करून बसलो, काय चुकलं ते बोललो. तेव्हा एका सेविकेनं विचारलं, "मॅडम, पाणी आलं की माझी ड्युटी छावणीवर. माझ्या आईला उचलून कोण आणणार?"

हा प्रश्न आराखड्यात कुठंच नसतो. २०१९ ला इथल्या कितीतरी आशा आणि सेविका छावणीत बायका-पोरांना औषधं वाटत होत्या आणि त्यांचं स्वतःचं घर पाण्याखाली होतं. एकीनं तीन दिवस दुसऱ्या कुणाची तरी साडी नेसून काम केलं. त्यांचं कौतुक आम्ही खूप केलं. कौतुकाऐवजी त्यांच्या घरच्यांना आधी हलवलं असतं तर त्या जास्त दिवस, जास्त शांतपणानं उभ्या राहिल्या असत्या, असं मला आता ठामपणानं वाटतं. म्हणून यंदा कर्मचाऱ्यांच्या घरच्यांची यादी वेगळी आहे आणि ती सगळ्यात आधी हलणार. सेविकेची आई उद्या दुपारी केंद्राच्या मागच्या क्वार्टरमध्ये येईल. दोन लहान मुलं असलेल्या सिस्टरनं मुलांना बहिणीकडं पाठवलंय.

चार वाजून चाळीस मिनिटं

गेटात मोटरसायकल. मध्ये बसवलेला चाळिशीचा माणूस, उसाच्या फडात बांध फोडायला गेला होता. उजव्या पोटरीवर दोन खुणा, पाय सुजायला लागलेला. पाणी चढतं तसे साप उंच जागा धरतात, आणि माणसंही. वर्णनावरून घोणस. मांडीला दोरी करकचून आवळलेली. ती सलाईन चालू करून, त्याच्यावर लक्ष ठेवून, हळूहळू सोडवली.

सिस्टरनं विचारायच्या आधीच कोरी काचेची परीक्षानळी काढली. दोन मिलिलिटर रक्त, नळी टेबलावर उभी, हलवायची नाही, वीस मिनिटं. ही तपासणी कुठल्याही उपकेंद्रात करता येते, फक्त नळी स्वच्छ, कोरडी आणि काचेची हवी आणि घाई आवरता यायला हवी. त्याची बायको सारखी विचारत होती, इंजेक्शन का देत नाही? घोणशीचं विष रक्त गोठू देत नाही. नळी तिरकी केल्यावर रक्त पाण्यासारखं वाहिलं तर लस द्यायचीच. वीस मिनिटांनी नळी तिरकी केली. वाहिलं.

सर्पदंशाच्या लसीच्या दहा बाटल्या, तासाभरात सलाईनमधून. ॲड्रिनॅलिन सिरिंजमध्ये भरून शेजारी, कारण या लसीची रिॲक्शन कधीही येऊ शकते. पंधराव्या मिनिटाला अंगावर गांधी उठल्या. लस थांबवली, ॲड्रिनॅलिन मांडीत दिलं, स्थिर झाल्यावर लस पुन्हा हळू चालू केली. कुणी काय करायचं हे कुणाला सांगावं लागलं नाही. लस संपल्यावर १०८ रुग्णवाहिका आली आणि तो कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात गेला, किडनीवर लक्ष ठेवावं लागेल म्हणून.

पण हाच माणूस परवा रात्री पुलापलीकडच्या गावात असेल तर? लसीची पावडर असते, तिला फ्रीजची गरज नाही, साठा पलीकडं आधी नेऊन ठेवता येतो. ती द्यायला मात्र डॉक्टर लागतो. मी पलीकडं गेले तर इकडची छावणी आणि प्रसूतीची खोली कुणाकडं? रिकामी जागा अशी अंगावर येते.

साडेसहा

आरोग्य सेवक पाण्यातल्या क्लोरीनची ओटी टेस्ट करून आला. एका गावच्या नळाला पिवळा रंगच आला नाही. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडरची पोती ग्रामपंचायतीच्या ओल्या खोलीत, ओल लागली की त्यातला क्लोरीन उडून जातो. नवीन पोती मागवली, माळ्यावर चढवली. पाणी ओसरल्यावर विहिरी उपसून, गाळ काढून, पुन्हा क्लोरीन देऊन तासाभरानं लिटरमागे किमान ०.५ मिलिग्रॅम उरतोय का ते बघायचं. पूर टीव्हीवरून गेल्यानंतरचे हे तीन आठवडे सेवकांच्या अंगावर पडतात, आणि नेमके तेव्हा बाहेरचे सगळे परत गेलेले असतात.

रात्री साडेदहा

राजाराम ३९ फूट १ इंच. इशारा पातळी ओलांडली.

तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना फोन केला. पुलापलीकडं एक डॉक्टर, एक सिस्टर, एक सेवक उद्या दुपारपर्यंत मुक्कामाला जायला हवेत, लस, प्रसूतीचं साहित्य आणि तीन दिवसांचा शिधा घेऊन. सिस्टर आणि सेवक माझ्याकडचे तयार आहेत. डॉक्टर हवाय. सर म्हणाले, शाळा तपासणी पथकातले एक डॉक्टर देतो. मी विचारलं, त्यांनी सर्पदंशाची लस कधी दिलीय का? सरांना माहीत नव्हतं. मग डॉक्टरांना सकाळी सातला केंद्रावर पाठवायचं ठरलं. पलीकडं जायच्या आधी दोन तास सिस्टर त्यांना सगळं करून दाखवतील.

दुसरी मागणी: मुक्कामाला गेलेल्यांची तिसऱ्या दिवशी बोटीनं बदली. झोप नसलेली माणसं चुका करतात, आणि तिथं चूक सुधारायला शेजारी कुणी नसतं. बोट महसूल विभागाची, उद्याच्या तहसील बैठकीत विचारू, असं सर म्हणाले. बैठक अकराला आहे. बदलीचं वेळापत्रक नावांसकट लिहून मी आत्ताच त्यांना पाठवलंय. बैठकीत मी स्वतः जाणार आहे आणि बोटीची वेळ ठरल्याशिवाय उठणार नाही. ओपीडी तेवढा वेळ सिस्टर बघतील.